दोघींना दोन शब्द

९ जानेवारी, गुरुवार

चि. सूनबाईस आशीर्वाद,

आशीर्वाद आधी लिहायचा असतो म्हणून लिहिला. मनापासून आहे की नाही ते शेवटापर्यंत वाचून तूच ठरव.

मी बरी आहे. गुडघा कुरकुर करतो, पण कुणाची कुरकुर ऐकून घ्यायची मला सवय नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. थंडी यंदा कोरडी पडली आहे. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मोठं मशीन आणलं आहे, दिवसभर डोक्यावर धडधड चालू असते. मी त्यांना जिन्यात म्हटलं, "बाई, कपडे शिवता की रस्ता खणता?" तर हसल्या आणि संध्याकाळी मला उशीचा अभ्रा शिवून दिला. हल्ली भांडायला गेलं की लोक भेट देतात, भांडायचीही सोय राहिली नाही. लाँड्रीत अजून जाते. इस्त्री आता तरण्या पोरी करतात. मी चादरींच्या घड्या घालते आणि त्यांच्या चुका काढते.

पत्र पाहून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, एवढाच माझा फायदा. शुद्धलेखन बघू नकोस. चौथीत माझी शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिलं. आणि पत्र तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे ते मुद्दाम. घरच्या पेटीतली पत्रं कोण काढतं ते मला माहीत आहे.

सोमवारी तुझा फोन आला आणि मी "दूध उतू चाललंय" म्हणून ठेवून दिला. गॅसवर दूध नव्हतं. काहीच नव्हतं. ओट्याला धरून नुसती उभी राहिले.

तू म्हणालीस ते माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे. "आई, भांडायला फोन केलेला नाही. तुमच्या नातीला, मुंगीला, त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं होतं. त्या म्हणतात, ही खरूज नाही, कधी नव्हतीच. हे इसब आहे. आणि त्या विचारतात, घरात कुणाला लहानपणी इसब होतं का? माझ्या माहेरी कुणालाच नाही. तुमच्याकडे होतं का?"

मग डॉक्टरबाईंनी समजावलेलं सगळं तू मला समजावलंस, मी शाळेत असल्यासारखं. कातडी म्हणजे विटांची भिंत. मुंगीच्या भिंतीत विटा आहेत, पण त्या धरून ठेवणारा चुना कमी पडतो. अंगात एक पदार्थ बनावा लागतो, तो हिच्यात पुरेसा बनत नाही. त्याचं नाव तू सांगितलंस, ते मला लिहिता येणार नाही. म्हणून आतली ओल बाहेर उडून जाते, आणि बाहेरची धूळ, साबण, नको ते सगळं फटीतून आत शिरतं. शिरलं की अंग त्याच्याशी भांडायला उठतं. लाल होतं, खाजतं. खाजवलं की भिंत आणखी पडते. आणि हे बहुतेक वेळा आईबापाकडून येतं. डॉक्टरबाईंनी मुंगीच्या तळहातावरच्या रेघा बघितल्या, दाट आणि खोल. मग तुझा हात पालथा-उलथा करून बघितला, तो साधाच. मग म्हणाल्या, "वडील का नाही आले?" आणि तू सांगितलंस, त्यांना काम होतं.

इथे माझं दूध उतू गेलं.

जाता जाता तू हेही ऐकवलंस की आजीच्या तेलानं आणि लाँड्रीतल्या कडक पावडरीत धुतलेल्या झबल्यांनी ती भिंत आणखी खिळखिळी झाली असणार. असेल. ते माझं, ते मी घेते. जे माझं नाही ते मात्र यापुढे घेणार नाही, त्यासाठीच लिहायला बसले आहे.

मी फोन का ठेवला ते सांगते. प्रश्न अवघड नव्हता. अवघड हे होतं की तो तू विचारलास. ज्याला उत्तर माहीत आहे तो विचारत नाही. आणि मी तुमच्या लग्नापासून धरून चालले होते की तुला माहीत आहे.

लग्न ठरलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "अरे, तुझ्या अंगाचं तिला सांगितलंस का?" तो म्हणाला, "सगळं सांगितलं, आई. ती म्हणाली काही हरकत नाही. फक्त तिच्यासमोर तो शब्द काढू नकोस. माहेरी कुणाला कळायला नकोय तिला." मी शब्द काढला नाही. मनात म्हटलं, चांगली पोरगी आहे, नवऱ्याचं झाकून नेते. तुझ्याबद्दल माझं मत चांगलं व्हायचे जे दोन-चार प्रसंग आले, त्यातला तो पहिला. आता कळतं की तोही खोटा होता.

तर त्याच्या लहानपणाचं ऐक. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर त्याची कातडी थंडीत फुटायची, लस वाहायची. झोपेत खाजवू नये म्हणून मी त्याच्या हातांत बापाचे मोजे चढवायची, तरी उशीवर रक्ताचे ठिपके असायचेच. शाळेत पोरं त्याला 'खवल्या' म्हणायची, बाकावर शेजारी बसायची नाहीत. आमच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर उभं केलं आणि म्हणाले, "हे बघ बाळ, याचं नाव इसब. हे कुणाचं कुणाला लागत नाही. कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

पोरानं ते पाठ केलं. पाढे पाठ झाले नाहीत, हे झालं. कुणी लांब सरकलं की छाती काढून म्हणायचा, "इसब आहे, लागत नाही." दुकानदाराला सांगायचा, न्हाव्याला सांगायचा, पाहुण्यांना तर त्यांनी न विचारता सांगायचा. मोठेपणी बरंच कमी झालं. पण तळहात बघ त्याचे कधी. त्याच्या बापाचे तसेच होते. सुताराचे हात असेच असतात असं समजून मी संसार केला.

हे सगळं अशासाठी सांगते की इसब कुठलं आणि खरूज कुठली हे न कळणारी माणसं पुष्कळ असतील, तो त्यांतला नाही. उद्या तो तुला म्हणेल, चुकून तोंडातून गेलं. चुकून नाही गेलं.

मागच्या थंडीत मुंगीच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, तेव्हा मी तुमच्याकडेच राहत होते. मी मनात म्हटलं, आलं, बापाचं लेकीत आलं, आता हे दोघं आपसात बोलतील. तुम्हीच काढाल विषय म्हणून थांबले. आणि एका संध्याकाळी तू दुकानातून आलीस ती हातात ट्यूब घेऊनच.

"खरजेचं औषध आहे. मानेपासून पायापर्यंत लावायचं."

मी म्हटलं, "फुटलेल्या कातडीला लावू नकोस हे. पोर आगीनं नाचेल."

"तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या लाँड्रीतल्या चादरींतूनच घरात आलंय हे."

"सूनबाई, हे काय आहे ते तुला चांगलं ठाऊक आहे!"

"हो, चांगलंच ठाऊक आहे मला!"

आठवतं का? त्या एवढ्याशा बोलण्यात आपण दोघी बुडालो. मी म्हणत होते ते इसब, तू म्हणत होतीस ती खरूज. मला वाटलं, ही जाणूनबुजून माझ्यावर घाण टाकते आहे. तुला वाटलं असेल, म्हातारी स्वतःच्या तोंडानं कबूल करते आहे आणि वर तोरा दाखवते आहे. आणि आपल्या मधे तो उभा होता. गिऱ्हाइकाच्या दारात पाण्याचे फिल्टर विकताना ज्याचं तोंड मिटत नाही, तो माझा मुलगा. दोन्ही बाजूंचं बोलणं त्या खोलीत त्या एकट्याला कळत होतं. त्यानं तुझ्या हातातली ट्यूब घेतली, वरचं बारीक अक्षर वाचलं, झाकण फिरवून उघडलं आणि परत तुझ्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन तुमचा जिना उतरताना मी मुंगीचं किंचाळणं ऐकलं.

खालपर्यंत तो सोडायला आला. म्हणाला, "आई, तिला सगळं माहीत आहे, तरी खरूजच म्हणते. तुला घालवायला निमित्त हवं होतं तिला. काय करू, संसार आहे." मी विश्वास ठेवला. सुनेबद्दल वाईट सांगितलं की सासूला पुरावा लागत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक. आणि वर जाऊन तुला काय म्हणाला असेल, तेही मी त्याच्या आवाजात सांगू शकते. "आई कबूल करणार नाही, पण तिच्याकडूनच लागलंय."

घरात मला खाज नाही, तुला नाही, आणि खरूज ती तेवढी शिष्टासारखी एकट्या मुंगीला धरून बसली, हे तुलाही सुचलं नाही आणि मलाही नाही. रागात माणसाला काही सुचत नाही. त्यानं आपल्या दोघींना रागातच ठेवलं. ते काम मात्र त्यानं मन लावून केलं.

त्यानंतर मुंगी मला एकदाच दिसली. पाळणाघराच्या फाटकाशी. माझ्याकडे बघून तिनं हात पुढे केला, लांब बाहीतून नुसती बोटं दिसत होती. तू तिला मागे ओढलंस. मला वाटलं, काय दगड आहे ही बाई. मी तशीच परत फिरले आणि लाँड्रीत जाऊन दिवसभर सगळ्यांना बोलले. त्या पोरी अजून त्या दिवसाचा विषय काढतात.

आता मंगळवारचं. हे लिहायचं नव्हतं. तीनदा कागद घेतला आणि इथे येऊन उठले.

मंगळवारी तुझा नवरा येऊन गेला. तुला त्यानं काही दुसरंच सांगितलं असेल. मी चहा टाकला, तो घेतला नाही. धड बसलाही नाही.

"तिचा फोन आला होता का?"

"आला होता."

"मग? काय सांगितलंस?"

"दूध उतू चाललंय असं सांगितलं."

तो हसला. इतका सुटल्यासारखा हसला की मला वाटलं आता रडेल. रडला नाही. म्हणाला, "आई, परत आला तर नाही म्हण. आपल्यात कुणालाच नव्हतं म्हण. मी सांगेन तिला, हळूहळू, माझ्या पद्धतीनं."

"तुझी पद्धत बघितली मी. खरूज हे आधी कुणाच्या तोंडून निघालं?"

त्यानं शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली.

"अरे, तुला विचारतेय. तिच्या की तुझ्या?"

"तिनं पोरीचे चट्टे दाखवून विचारलं, हे काय आहे. माझ्या तोंडून इसब निघेना, आई. लग्नाआधी तिच्या घरच्यांनी विचारलं होतं, काही आजार आहे का घरात, तेव्हा काही नाही म्हणून बसलो होतो. आता कसं फिरवू? समोर दोरीवर तू लाँड्रीतून आणलेल्या जुन्या चादरी वाळत होत्या. मी म्हटलं, खरूज असेल, त्यातून आली असेल. एवढंच."

"एवढंच?"

"तू आई आहेस ना. मला वाटलं, तू काय, सोसशील."

सूनबाई, मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी फसवलं. मुकादमानं फसवलं, घरमालकानं फसवलं, सख्ख्या भावानं फसवलं. पण ती माणसं निदान मला घाबरून, जपून फसवायची, म्हातारीला कळलं तर सोडणार नाही म्हणून. यानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. घरात एखादी जुनी खुर्ची असते, येईल त्यानं ओला टॉवेल तिच्यावर टाकावा. तसं त्यानं माझ्यावर टाकलं आणि वर्षभर विसरून गेला. त्या चादरी मी उकळून आणायची, हे त्याला माहीत नव्हतं का? त्याच चादरींवर तो वाढला.

उठताना त्याची बाही वर सरकली. कोपराची आतली बाजू सोललेली, ओली. या थंडीत त्यालाही पुन्हा उठलं आहे. तुला तो साबणाची ॲलर्जी म्हणून सांगत असेल. माझा हात आपसूक पुढे गेला होता, तो मी परत घेतला.

दारातून म्हणाला, "म्हणशील ना नाही?"

मी म्हटलं, "बघते."

आई 'बघते' म्हणाली की काम झालं, असं तो लहानपणापासून समजत आला आहे. जिना उतरताना शीळ घालत गेला. हे पत्र तुझ्या हातात बघून त्याला कळेल की या वेळी मी खरोखरच नुसतं बघत होते. म्हणेल, आईनं दगा दिला. म्हणू दे. तो मुलगा आहे ना. तो काय, सोसेल.

तर उत्तर. एवढा भाग डॉक्टरबाईंना वाचून दाखव, बाकीचा नको.

मुलीच्या वडिलांना अगदी लहानपणापासून इसब होतं आणि अजून आहे. आजोबांचे तळहात तसेच रेघारेघांचे होते, थंडीत बोटं आणि टाचा फुटायच्या. आजीला काही नाही. दमा घरात कुणाला नव्हता.

डॉक्टरबाईंचं झालं. आता तुझं-माझं. हे वाचून आपलं मिटलं असं समजू नकोस. त्यानं सांगितलं आणि तू मानलंस, मला एका शब्दानं विचारलं नाहीस. मीही त्याचं मानलं आणि तुला विचारलं नाही. पण तुला तो नवरा म्हणून मिळून किती दिवस झाले? मी त्याला जन्म दिला होता, मला त्याचं तोंड वाचता यायला हवं होतं. म्हणून तुझ्यापेक्षा मला जास्त लागलं आहे, हे तू मान्य केलंस तर पुढचं भांडण सोपं जाईल. वर्षभराचं भांडण आपण दोघींनी चुकीच्या बाईशी केलं. इतकी मेहनत फुकट गेली याचंच मला वाईट वाटतं.

त्याला घरात ठेव, काढ, सरळ कर, काय ते तू बघ. त्याची बाजू घेऊन बोलायला मला बोलावू नकोस. त्याच्याविरुद्ध बोलायलाही नको. जे होतं ते इथे लिहून झालं.

मला मुंगी हवी आहे. ही विनंती आहे. मला विनंती लिहायची सवय नाही म्हणून हुकमासारखी वाटेल. तुमच्या घरी मी पाऊल ठेवणार नाही. तू तिला घेऊन इकडे ये, रविवारी माझी सुट्टी असते. डॉक्टरबाईंनी दिलेलं मलम बरोबर आण आणि मला दाखव, बोटावर किती घ्यायचं, आंघोळीनंतर अंग ओलसर असताना कसं लावायचं. तू दाखवशील तसंच लावीन, माझं डोकं चालवणार नाही. तेलाची बाटली शिंपीणबाईंना मशीनला घालायला देऊन टाकली. तिला घ्यायचं म्हणून मी हात नुसत्या पाण्यानं धुऊन ठेवीन, साबण हवा असेल तर तसं सांग.

आली नाहीस तर मी समजेन की तुला पत्र मिळालं, तू वाचलंस, आणि तरी आली नाहीस. पत्र पोचलंच नसेल अशी स्वतःची समजूत घालायचा भोळेपणा माझ्यात आता उरलेला नाही.

मुंगीची आजी, तुझी सासू,
आणि सध्यापुरती कुणाचीच आई नाही